कायद्यासाठी दोन तास शोधताना

प्रवासवर्णन लिहिणारी माणसं हिमालयात जातात, गेला बाजार कोकणात तरी. मी नाहूरला गेले. तिथून मुलुंड, घाटकोपर, मग खाडी ओलांडून गोराई आणि शेवटी पार्ले. लातूरला परतल्यावर शेजारणी विचारायला आल्या, "मुंबईत काय काय बघितलंत?" मी म्हटलं, "शाळांची वेळापत्रकं." त्या चहा पिऊन गेल्या आणि पुन्हा काही विचारायला आल्या नाहीत. म्हणून हे लिहून काढते आहे.

झालं असं, की एका आमदारबाईंनी अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारचं नव्हे तर स्वतःचं विधेयक, मांडायचं मनावर घेतलं. राज्यातल्या सरकारी, पालिकेच्या आणि अनुदानित शाळांमध्ये पाचवी ते आठवीला हवामान बदल शिकवलाच पाहिजे, असा कायदा. मसुदा करायला त्यांनी काही शिक्षक गोळा केले, त्यात मी. मी भूगोल शिकवते. आमच्याकडे ऐन फळं धरायच्या दिवसांत गारा पडून बागा झोपतात आणि त्याच आठवड्यात मुलं 'गारपीट क्वचित होते' असं उत्तर लिहून पैकीच्या पैकी गुण घेतात. त्यामुळे हा कायदा मला मनापासून हवा होता, अजूनही हवा आहे.

मसुदा चांगला उतरला होता. अडलं चौथ्या कलमात. 'या विषयासाठी आठवड्याला दोन तासिका राखून ठेवाव्यात' असं तिथे म्हटलं होतं, पण त्या आणायच्या कुठून ते कुणीच लिहिलं नव्हतं. शाळेचा आठवडा काही रबराचा नसतो. उपनगरातल्या काही शाळांनी हा विषय आपणहून सुरू केला होता. आमदारबाई म्हणाल्या, "वैजयंतीताई, तुम्ही जाऊन बघून या, त्यांनी तास कुठून काढले ते. शनिवारी पार्ल्याला बैठक आहे. तिथे तुम्ही सांगाल त्यावर कलम ठरवू." एवढं म्हटल्यावर मी लगेच बॅग भरली. फेब्रुवारी होता, आमच्याकडे सकाळी अजून शाल लागत होती. मी दोन स्वेटर घेऊन गेले आणि तसेच घडीसकट परत आणले.

नाहूर

उतरायची सोय शैलाकडे होती. शैला परब मुलुंडच्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवते. फार वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण शिबिरात आम्ही एका खोलीत होतो. तिथली आमटी इतकी वाईट होती, की आमची मैत्री जन्मभराची झाली. तिचे यजमान बस चालवून निवृत्त झालेत. त्यांना सगळं जग भाऊ म्हणतं. ते मूळ मालवणकडचे. वडील गिरणीत होते. घरातला स्वयंपाक आता भाऊंच्या ताब्यात आहे आणि शैलाला ओट्याजवळ उभं राहायची परवानगी नाही.

आमच्याकडे मासा म्हणजे धरणातला, तोही वर्षातून कधीतरी, आणि मटणासारखा तिखटजाळ रश्श्यात बुडवलेला. भाऊंनी माझ्यापुढे तळलेले ताजे बोंबील ठेवले. बाहेरून रव्याचं कुरकुरीत आवरण, आत लोण्यासारखा मऊ. मी काटे शोधत बसले तसे भाऊ म्हणाले, "काट्याक भियाव नको गे. बोंबलाचो काटो पण मऊच असता. खा तू बिनधास्त." मी खाल्ला. मग आणखी खाल्ला. किती खाल्ले ते भाऊंना माहीत आहे, त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही.

जेवणानंतर शैलाने मसुदा मागितला. चष्मा डोक्यावरून खाली ओढून तिने तो सावकाश वाचला. मधे मधे "झकास" म्हणाली. चौथ्या कलमापाशी थांबली.

"दोन तास कुठून आणणार गं?"

"ते शाळेनं ठरवायचं."

"म्हणजे माझे."

"असं कसं? तुझेच का?"

"तू मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून बघ ना. गणिताला हात लावता येत नाही, इंग्रजीला लावला तर पालक फाडून खातील. विज्ञानाचा कमी केला तर हवामान काय शिकवणार? मग उरतं कोण? आठवड्याला दोन तास आहेत माझे प्रत्येक वर्गाला. बरोब्बर दोनच."

ती हे चिडून बोलली नाही, भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं. दोन वर्षांनी ती निवृत्त होणार आहे. तिच्या जागी माणूस मिळायची शाश्वती नाही, कारण चित्रकलेच्या जागा भरायची घाई कुणालाच नसते. "तास राहिले तर कधीतरी कुणीतरी येईल," ती म्हणाली. "तासच गेले तर कोण कशाला येईल? माझ्यामागे शाळेत रंगाची पेटी उघडणारं कुणी नाही उरणार." मग कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "पण कायदा हवाच हां यार. तू माझ्या तोंडाकडे बघून काही लिहू नकोस."

मी त्या रात्री झोपले खरी, पण ते कलम उशाशीच होतं. मला कायदा हवा होता आणि शैलाचे तासही राहायला हवे होते, आणि शनिवारी पार्ल्याला दोन्ही कसं सांगायचं ते मला ठाऊक नव्हतं.

सकाळी मात्र मी एक पराक्रम केला. जाग आली तर मोरीतल्या नळाला धो धो पाणी. आमच्याकडे पाणी येतं तेव्हा माणूस विचार करत नाही, भांडं लावतो. मी बादल्या भरल्या, मग पातेली, मग कळशी, मग डबे. भाऊ चहाला उठले तेव्हा कुकरसुद्धा काठोकाठ भरून ओट्यावर बसला होता. भाऊंनी झाकण उचललं, आत बघितलं, पुन्हा ठेवलं.

"गे वैजूताय, आज समुद्र आटलो काय?"

इथे पाणी रोज येतं आणि गच्चीवर टाकी असते, हे शैलाने मला हसून हसून डोळे पुसत सांगितलं. मी ओशाळले, पण भरलेलं पाणी ओतून द्यायला माझा जीव होईना. शेवटी भाऊंनी इमारतीतल्या सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं, वरच्या मजल्यावरच्या प्लॅस्टिकच्या तुळशीलासुद्धा.

मुलुंड आणि घाटकोपर

शैलाच्या शाळेत आठवीला दर गुरुवारी हवामानाचा तास आहे. तो बघायला मी मागच्या बाकावर जाऊन बसले. फळ्याच्या कोपऱ्यात सुंदर अक्षरात 'विषय : हवामान बदल' असं लिहिलेलं होतं. त्याखाली, फळाभर, बीजगणित. मोहिते सर समीकरण सोडवत होते. सर उंच, खणखणीत आवाजाचे, खडूने बाही पांढरी झालेली.

मी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "आज हवामान नाही का?"

"आहे ना बाई. वेळापत्रकात हवामान असतं. वर्गात गणित असतं."

तास संपल्यावर सरांनी मला बघितलं आणि जराही न अडखळता नमस्कार केला. "मॅडम, तुम्ही लातूरच्या ना? सॉरी हां. पोर्शन राहिलाय. विज्ञानाच्या मॅडमनीच दिला तास, मी काही हिसकावून घेतला नाही."

हे मराठी शाळांतल्या कुणालाही समजावून सांगायला नको. परीक्षा जवळ आली की गणिताचा पोर्शन राहतो. तो का राहतो हे कुणी विचारत नाही. मग खेळाचा, कार्यानुभवाचा, चित्रकलेचा आणि कधी कधी भूगोलाचाही तास 'दिला' जातो. देणाऱ्याने हसून द्यायचा आणि घेणाऱ्याने "फक्त आजच हां" म्हणायचं, ही रीत लातूरलाही आहे. मोहिते सर त्यात पट्टीचे, एवढंच. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसे ते कोणत्याही बिळात मावतात.

दुपारी मी शैलाच्या सातवीच्या तासाला बसले. खिडकीतून काय दिसतं ते काढा, असं तिने सांगितलं होतं. खिडकीतून दिसत होती समोरची इमारत, वाळत घातलेले कपडे आणि मागे डोंगराची निळी पट्टी. एका मुलीने कागदावर फक्त ते कपडे रेखाटले होते, पण प्रत्येक कपड्यात वारा भरलेला दिसत होता. शैला बाकांमधून फिरत होती, बोलत जवळजवळ नव्हतीच. कुणाच्या कागदापाशी थांबून ती बोटाने हवेत एक रेघ ओढायची आणि पुढे जायची. मुलं तेवढ्यावरून काय ते समजायची. वर्गात फक्त ब्रश पाण्यात खळबळल्याचा आवाज होता. मला फार बरं वाटलं.

मग दारात मोहिते सर. "परब मॅडम, पंधरा-वीस मिनिटं द्याल?"

"घ्या ना सर."

ओली चित्रं बाकावर ठेवता येईनात, गणिताच्या वह्या काढायच्या होत्या. मुलांनी सवयीने ती उचलली आणि बाहेर व्हरांड्यात जमिनीवर ओळीने मांडली. इतक्या सराईतपणे, की हे नेहमीचं आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी शैलाच्या मागे बाहेर पडले आणि चक्क एका चित्रावर पाय दिला. माझ्या कोल्हापुरी चपलेच्या टाचेचा ठसा, बरोबर निळ्या डोंगरावर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या चित्राची मालकीण वाकून बघत म्हणाली, "राहू दे बाई. आता मी इथे रस्ता काढते."

"तू 'नाही' का म्हणत नाहीस त्यांना?" मी शैलाला शिक्षकखोलीत विचारलं.

"अगं, पोरांचंच गणित राहील ना."

"आणि पोरांचा डोंगर?"

"वैजू, नाही म्हटलं की इथे बसून सगळ्यांची तोंडं बघावी लागतात. इतकी वर्षं कधी 'नाही' म्हटलंच नाही. आता कुठे शिकू?" ती डबा उघडून माझ्यापुढे सरकवत म्हणाली. भाऊंनी त्यात घावणे आणि नारळाचा रस दिला होता. मला तिचा राग आला होता, तरी दोन घावणे मी संपवले.

त्याच दुपारी पुढे घाटकोपरला मी एकटी गेले. पालिकेची शाळा, वरच्या मजल्यावर पत्र्याचं छप्पर, आणि फेब्रुवारीतच वर्गात तव्यासारखी धग. मुलं घामाने चिंब होऊन 'तापमानवाढीची कारणे' लिहीत होती. त्या विषयाला उदाहरण शोधायला त्यांना लांब जावं लागत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई अगत्याच्या. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून गरम फाफडा आणि पपईचा संभारा, म्हणजे कच्च्या पपईचा परतलेला कीस, मागवला. आम्ही पाहुण्याला आधी गूळपाणी देतो, इथे आधी फाफडा आणि मग पाणी, कारण ते लागतंच. मी विचारलं, "कायदा झाला तर दोन तास कुठून काढाल?" त्यांनी भिंतीवरचं मोठं वेळापत्रक न बघता मागे हात नेला आणि पेन्सिलीचं टोक नेमकं चित्रकलेवर टेकवलं.

"इथून. दुसरं कुठून?"

गोराई

शुक्रवारी शैलाने किरकोळ रजा टाकली. म्हणाली, "गोराईला मीपण येते. कधीची गेले नाही." बोरिवलीहून धक्क्यावर आलो आणि फेरीबोटीत बसलो. पाच-दहा मिनिटांचा काय तो प्रवास, पण पलीकडे उतरलं की आवाज बदलतो. मी भूगोलाची शिक्षिका, खाडी शिकवते दरवर्षी. भरतीच्या पाण्यात बोट डुलायला लागली तशी मी शैलाचा दंड धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

गावात एकीकडे क्रूस, अंगणात तांदूळ पाखडणाऱ्या बायका, पुढे गेलं की बोंबील वाळत घातलेले. बांबूच्या आडव्या दांड्यांवर जोडीजोडीने अडकवलेले बोंबील, वाऱ्यावर हलणारे. वासाची मला धास्ती होती. पहिली दहा मिनिटं नाकाला पदर, त्यानंतर पदर कधी खाली आला ते कळलं नाही.

इथली शाळा लहान. हेमांगी नावाची तरुण शिक्षिका तीन वर्ग एकत्र सांभाळते. ती याच कोळीवाड्यातली. तिच्या सासरी होडी आहे. तिच्याकडे हवामानाचा तास म्हणून वेगळा नव्हताच. जे होतं ते एक पोस्टर, कुठल्याशा संस्थेने सगळ्या शाळांना पाठवलेलं. त्यावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल.

"या पोस्टरवरून मी सुरुवात केली होती," हेमांगी म्हणाली. "पोरं विचारतात, हे खातं काय? मी म्हटलं, मासे. तर म्हणतात, मग हा पण कोळीच! याचं जाळं कुठे आहे? अख्खा तास त्यातच गेला बघा."

"मग पुढे?"

"मग मी अस्वल गुंडाळून ठेवलं. आपल्या दांड्या आहेत की समोर."

मागच्या हिवाळ्यात अवेळी पाऊस आला होता. दांड्यांवरचे बोंबील भिजले, कुजले आणि घराघरांतून फेकून द्यावे लागले. मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आयांना रडताना पाहिलं होतं. त्या दिवशी काय काय झालं ते आता सांगा, असं हेमांगीने म्हटल्यावर सगळी एकदम बोलायला लागली. एक म्हणे आधी ढग आले, दुसरा म्हणे आधी वारा फिरला. भांडण जुंपलं. शैला इतका वेळ मागे उभी होती. तिने पिशवीतून खडू काढले आणि विचारलं, "हेमांगी, जमिनीवर काढलं तर चालेल?"

मग शाळेपुढच्या फरशीवर तो पाऊस उतरला. कुणी ढग काढले, कुणी दांड्या, कुणी ताडपत्री घेऊन धावणाऱ्या बायका. वारा आधी की ढग आधी, हे काढताना भांडता भांडता ठरलं. ज्यांचं पटेना त्यांनी आपला वेगळा पाऊस काढला. शैला गुडघ्यावर बसून त्यांच्यात रांगत होती, साडीचा रंग ओळखू येईना. हेमांगीने एकेका चित्रापाशी थांबून समुद्र तापला की काय होतं, पाऊस आपली वेळ का सोडतो, हे सांगितलं. मी माझ्या उभ्या आयुष्यात इतका चांगला भूगोलाचा तास पाहिलेला नाही, आणि त्यात मी एक अक्षर बोलले नव्हते.

जेवायला हेमांगीच्या सासूबाईंनी बोलावलं. दारातूनच हाक आली, "चल बाय, जेवाला चल. मावरं थंड होते." तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी हातावर थापलेली, मावरं म्हणजे कोलंबीचं आंबट, आणि कांदा. मी म्हटलं, आमच्याकडे भाकरी ज्वारीची. सासूबाईंनी माझ्या ताटात आणखी एक टाकली आणि म्हणाल्या, "मग ही खा. ती रोजच खातंस." मी तीही संपवली.

परतताना बोटीत मी शैलाचा दंड धरला नाही. ती खडूने माखलेल्या हातांकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "दोन तास झाले असतील ना गं? एवढ्या वेळात दारात कुणी आलं नाही."

विलेपार्ले

शनिवारची बैठक पार्ल्यातल्या एका शाळेच्या ग्रंथालयात होती. स्टेशनवरून चालतच गेलो. पार्ल्यात लोक रस्त्यातही पुरी वाक्यं बोलतात, असं शैलाचं म्हणणं. ती माझ्यासोबत म्हणून आली होती. आमदारबाई होत्या, घाटकोपरच्या मुख्याध्यापिकाबाई होत्या, हेमांगी होती, आणखी काही शिक्षक होते. मुलुंडच्या शाळेने प्रतिनिधी म्हणून पाठवले होते मोहिते सर. त्यांना बघून शैलाने हळूच डोळे मिटले.

मी माझं सांगितलं. गोराईच्या फरशीबद्दल सांगितलं, पत्र्याखालच्या धगीबद्दल सांगितलं. शेवटी म्हटलं, "बाई, मी विचारलं तिथे तास एकाच ठिकाणाहून काढायचं ठरलेलं आहे. चित्रकलेतून. कलमात काही लिहिलं नाही तर तेच होईल. माझं म्हणणं, ते होऊ देऊ नका."

"मग कुठून काढू?" आमदारबाईंनी सरळ विचारलं. "मला जागा सांगा, मी लिहिते."

आणि मग प्रत्येकजण आपापल्या विषयापुढे उभा राहिला. इंग्रजीवाले म्हणाले, आधीच मुलं कच्ची आहेत. विज्ञानवाले म्हणाले, प्रयोगालाच वेळ पुरत नाही. इतिहासवाल्या बाईंनी शिवाजी महाराजांचं नाव घेतल्यावर त्यांच्याशी कुणी वाद घालेना. हळूहळू सगळ्या माना शैलाकडे वळल्या. कुणी मुद्दाम वळवल्या नाहीत. उतार दिसला की पाणी जातं, तशा गेल्या.

शैला उभी राहिली. 

"मी चित्रकला शिकवते. सगळे माझ्याकडे बघताय, म्हणून सांगते. हा कायदा मला पाहिजे. पण माझे तास घेऊ नका." एवढं बोलून ती बसली. मला तिला मिठी मारावीशी वाटली.

 पुढे बोलले ते मोहिते सर.

"गणिताचा एक घ्या."

कुणाला आधी पटेचना. आमदारबाईंनी विचारलं, "सर, नक्की?"

"नक्की म्हणजे, सिद्धच करून दाखवतो ना," सर नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. "इतकी वर्षं मी परब मॅडमचे तास घेतोय. हवामानाचाही घेतो, या लातूरच्या मॅडमनी बघितलंय. एवढे तास जास्तीचे घेऊनसुद्धा माझा पोर्शन एकदाही वेळेत संपलेला नाही. म्हणजे तास वाढवले तर पोर्शन संपतो, हे गृहीतकच चूक. मग एक कमी झाला तर काय वाट लागणार आहे?"

आधी हेमांगी हसली, मग घाटकोपरच्या बाई, मग सगळंच ग्रंथालय. मोहिते सर मात्र हसत नव्हते. ते खाली टेबलाकडे बघत होते, आणि मला पहिल्यांदाच ते आवडले.

एक तास मिळाला होता, दुसरा राहिला होता. आता मला गप्प बसणं शक्य नव्हतं. "दुसरा भूगोलाचा घ्या," मी म्हटलं.  लातूरच्या आमच्या शाळेत भूगोलाचे तीन तास आहेत. त्यातला एक कमी होईल तेव्हा सहकारी मला काय काय म्हणतील ते मला तोंडपाठ आहे.

"आणि एक वाक्य घाला बाई," घाटकोपरच्या मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "ह्या तासिका आणि कलेच्या तासिका दुसऱ्या विषयाला देता-घेता येणार नाहीत."

"हे कायद्यात? सभागृहात हसतील हो."

"हसू द्या. तेही आपल्याच शाळांतून शिकलेत. लगेच कळेल त्यांना."

आमदारबाईंनी लिहून घेतलं. विधेयक अजून सभागृहात यायचं आहे, मंजूर होईल की नाही ते मला माहीत नाही. अशासकीय विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे आमच्या गटात सगळ्यांना ठाऊक आहे. पण चौथं कलम आता पूर्ण आहे, आणि मी त्यावर खूश आहे.

बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. कोपऱ्यावर आम्ही बटाटेवडे घेतले. शैलाला भूक नव्हती म्हणता म्हणता तिने दोन संपवले आणि चटणी मागून घेतली. तेवढ्यात मोहिते सर आले. त्यांच्या हातातही वडा होता. जरा वेळ ते पार्ल्याच्या वड्याबद्दल बोलले. मग घसा साफ केला.

"परब मॅडम, ते सोमवारचं... सातवीचं समीकरण राहिलंय. चौथा तास तुमचा आहे ना? फक्त सोमवारचाच हां."

शैलाने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम रस्त्याकडे बघितलं.

"नाही सर," ती म्हणाली. "सोमवारी मुलांना डोंगर पुरा करायचाय."

"बरं," सर म्हणाले. वड्याचा कागद चुरगळून त्यांनी डब्यात टाकला, आम्हा दोघींना हात केला आणि स्टेशनच्या दिशेने निघून गेले. चिडले नाहीत की काही नाहीत.

शैला त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ते गर्दीत दिसेनासे झाले तरी बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले.

"वैजू," ती म्हणाली, "एवढंच होतं?"